एक जागा, अनेक गुत्तेदार

(डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली येथे गुत्तेदार, मजूर सहकारी संस्थांचे कार्यकर्ते व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गावातील एखाद्या गल्लीत सिमेंट काँक्रीटचा रस्ता होतो. त्यावर चौदा दिवस पाणी मारले जाते, पोत्यांची आच्छादने निघतात आणि मुले त्यावर खेळू लागतात. मग एके सकाळी दुसऱ्याच गुत्तेदाराची माणसे ब्रेकर घेऊन येतात आणि तोच रस्ता मधोमध फोडू लागतात. त्यांना जलवाहिनी टाकावयाची असते. रस्त्याचा गुत्तेदार धावत येतो, शब्दाला शब्द लागतो, दोन्हीकडचे मुकादम पुढे सरसावतात आणि प्रकरण हमरीतुमरीवर येते. जल जीवन मिशनची घोषणा २०१९ साली झाली आणि त्यानंतर राज्यातील खेडोपाडी नळयोजनांच्या कामांना वेग आला, तेव्हापासून हे दृश्य महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात इतके परिचित झाले आहे की त्याचे कोणास नवल वाटेनासे झाले आहे.

वास्तविक या भांडणात दोघांपैकी कोणीच लबाड नसतो. रस्त्याच्या गुत्तेदाराला मुदतीत काम पुरे करण्याचा आदेश असतो. काम पुरे झाल्यावरही दोषदायित्वाचा कालावधी संपेपर्यंत त्याची अनामत रक्कम शासनाकडे अडकलेली असते, आणि रस्त्याला भेग पडली तर ती त्यानेच बुजवावयाची असते. जलवाहिनीच्या गुत्तेदारालाही त्याची मुदत असते. पाइप वेळेवर आले नाहीत म्हणून तो मागे पडलेला असतो, आणि नकाशात वाहिनीची रेघ त्याच गल्लीतून गेलेली असते. दोघांच्या हातांत दोन कार्यारंभ आदेश असतात. त्या आदेशांवर सह्या करणारी कार्यालये वेगळी असतात. एकाच गल्लीचा उल्लेख दोन्ही कागदांत असतो, परंतु एका कागदाला दुसऱ्याची वार्ता नसते.

मराठवाड्यात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणण्याची रूढी आहे. शेजारच्या तेलुगू मुलुखातही हाच शब्द चालतो. गुत्ता म्हणजे ठरलेल्या मोबदल्यात अंगावर घेतलेले काम. शब्दाच्या या अर्थातच आजच्या विषयाची अडचण दडलेली आहे. काम ज्याने अंगावर घेतले तो त्या कामापुरता बांधील असतो. शेजारच्या कामाशी त्याचा संबंध कोणी जोडून दिलेला नसतो.

वारंगा फाट्यावरील तीन टोके

डोंगरकड्याच्या लोकांना या विषयासाठी दूरची उदाहरणे शोधण्याची आवश्यकता नाही. नांदेडहून अर्धापूर, डोंगरकडा, वारंगा फाटा या क्रमाने जाणारा मार्ग दोन राष्ट्रीय महामार्गांना समाईक आहे. अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड, देगलूर असा जाणारा १६१ क्रमांकाचा आणि तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा जाणारा ३६१ क्रमांकाचा, असे हे दोन महामार्ग वारंगा फाट्यावर एकमेकांपासून वेगळे होतात. चौपदरीकरण हाती घेण्यात आले तेव्हा कामाचे टप्पे पाडले गेले आणि लोहा ते वारंगा, वारंगा ते महागाव व पांगरे ते वारंगा फाटा असे तीन टप्पे या एका फाट्यावर येऊन टेकले. प्रत्येक टप्प्याचा करार स्वतंत्र आणि मुदतही स्वतंत्र.

मोठ्या कामाचे असे तुकडे पाडणे गैर नाही. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सोळा भागांत विभागून बांधण्यात आला. मुंबईच्या कुलाबा, वांद्रे, सीप्झ या भुयारी मेट्रोचे स्थापत्यकाम सात भागांत दिले गेले, आणि रूळ, सिग्नल व गाड्या ही कामे त्याखेरीज निराळी होती. एका संस्थेच्या आवाक्याबाहेरचे काम अनेकांनी एकाच वेळी केले तर ते लवकर होते. मात्र तुकडे पाडले की शिवा निर्माण होतात आणि शेताप्रमाणेच कामातही तंटा उभा राहतो तो बहुधा शिवेवर. दोन टप्पे मिळतात तेथे रस्त्याची तळपातळी कोणी कोणाशी जुळवावयाची? दोघांनी निरनिराळ्या खुणेवरून उंची मोजली असेल तर सांध्यावर उंचवटा उरतो, आणि तो कोणाच्याही मोजमाप पुस्तकात सापडत नाही. वाहतूक वळविण्यासाठीचा कच्चा रस्ता कोणाच्या हद्दीत? त्यावर पाणी कोणी मारावयाचे? हे पाणी मारले गेले नाही तर धूळ उडून शेजारच्या केळीच्या पानांवर बसते आणि शेतकरी जाब विचारावयास जातो. तेव्हा एक गुत्तेदार दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

मोठ्या महामार्गावर निदान सल्लागार अभियंते, यंत्रसामग्री आणि बैठकांची पद्धत असते. लहान कामांवर यातले काहीच नसते, आणि लहान कामांचीच संख्या अधिक. शासकीय बांधकामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले नोंदणीकृत गुत्तेदार यांच्यात ३३, ३३ व ३४ टक्के या प्रमाणात वाटण्याचे धोरण महाराष्ट्रात दीर्घकाळ राबविले गेले. नव्या माणसाला काम मिळावे आणि मजुरांच्या संस्था उभ्या राहाव्यात, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. त्याचा एक परिणाम असा की, एकाच गावात, पुष्कळदा एकाच आवारात, तीन-चार लहान गुत्तेदार एकाच वेळी काम करताना दिसू लागले. त्यांच्यापैकी कोणाजवळही शेजाऱ्यासाठी थांबण्याइतके भांडवल नसते. जेसीबीचे भाडे तासावर चालते आणि मजूर दिवसावर. म्हणून भांडण मोठ्या गुत्तेदाराला गैरसोयीचे वाटत असेल, परंतु लहान गुत्तेदाराला ते बुडविते.

कागदावरील नाते

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. एका जागेवर काम करणाऱ्या दोन गुत्तेदारांचा आपसात कोणताही करार नसतो. पहिल्याचा करार शासनाशी, दुसऱ्याचाही शासनाशी. त्यामुळे दुसऱ्याने खोळंबा केला म्हणून पहिल्याला कराराच्या आधारे त्याच्याकडून काही मागता येत नाही. जे मागावयाचे ते शासनाकडे, म्हणजे प्रभारी अभियंत्याकडेच मागावे लागते. पुष्कळ गुत्तेदार हे विसरतात आणि सहा-सहा महिने शेजाऱ्याशी भांडतात. या भांडणाची कार्यालयात एका ओळीचीही नोंद नसते. पुढे मुदतवाढीचा अर्ज करावयाची वेळ येते तेव्हा पुराव्यादाखल दाखवावयास काहीच राहत नाही आणि विलंबाचा दंड मुकाट्याने भरावा लागतो.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांमध्ये याविषयी एक कलम सामान्यतः आढळते. कलम इंग्रजीत असते आणि निविदेच्या जाड पुस्तकात मध्येच कोठेतरी असते, म्हणून ते वाचले जात नाही. त्याचा आशय असा : प्रकल्पाच्या जागेवर अनेक संस्था एकाच वेळी काम करीत असतील तेव्हा त्यांच्यात पूर्ण समन्वय असला पाहिजे. पाणी, वीज आणि मजुरांचा निवारा यांची व्यवस्था प्रत्येकाने स्वतंत्रपणे करावी, किंवा अभियंत्याच्या संमतीने एकत्र करावी. दुसऱ्याच्या कामात, त्याच्या मजुरांत किंवा त्याच्या व्यवस्थेत बिघाड अथवा असंतोष निर्माण होईल असे कोणतेही कृत्य कोणी करू नये. केल्यास तो करारभंग समजला जाईल. आणि गुत्तेदारांमध्ये मतभेद झाल्यास समन्वयासंबंधी अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील, तसेच त्या निर्णयामुळे कोणाला भरपाई मागता येणार नाही.

कलम चांगले आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. निर्णय अंतिम आहे, भरपाई नाही, असे म्हटल्यावर निर्णय देणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. निर्णय मागितलाच गेला नाही, किंवा मागूनही दिला गेला नाही, तर कलम निविदेच्या पुस्तकातच राहते आणि जागेवर ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते. आपल्या व्यवस्थेत समन्वयासाठी नियमांची उणीव फारशी नाही. शाखा अभियंत्याने साइटवरील आदेशवहीत दोन ओळी वेळेवर लिहिण्याची उणीव आहे. एका शाखा अभियंत्याकडे अनेक गावांतील कामे असतात हे खरे आहे आणि त्याची अडचण नाकारण्याचे कारण नाही. तरीही तोंडी सांगून निघून जाणे हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही, कारण तोंडी सूचना दोन्ही गुत्तेदारांना दोन प्रकारे ऐकू येते.

बोरघाटातील अनुभव

ही अडचण आजची नव्हे. महाराष्ट्रातील पहिल्या मोठ्या बांधकामांपैकी एक म्हणजे बोरघाटातील रेल्वेमार्ग. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या या चढणीवर पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधावयाचे होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हे काम विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराला दिले आणि १८५६ च्या जानेवारीत कामास आरंभ झाला. त्याने कामाचे तुकडे पोटकंत्राटदारांना वाटले. हजारो मजूर घाटात आले. त्यांची मजुरी अनेक हातांतून खाली झिरपू लागली आणि वाटेतच मुरू लागली. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या थकबाकीवरून मजुरांचा उद्रेक झाला, आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात फेव्हिएलने काम सोडले.

त्यानंतर काही महिने रेल्वे कंपनीच्या अभियंत्यांनी काम स्वतःकडे घेऊन चालू ठेवले. पुढे सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराची नेमणूक झाली, परंतु भारतात आल्यानंतर अल्पावधीतच तो मृत्यू पावला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, दोन अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने कंत्राट पुढे चालविले. १८६१ च्या सुमारास घाटात बेचाळीस हजारांपर्यंत माणसे कामावर होती, आणि १८६३ साली मार्ग खुला झाला. एका परक्या देशात, पतीच्या निधनानंतर, इतके मोठे काम तडीस नेणाऱ्या या स्त्रीविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही.

घाटातील त्या उद्रेकानंतर १८६० चा नववा कायदा झाला. रेल्वे व इतर सार्वजनिक बांधकामांवरील मालक आणि मजूर यांच्यातील तंट्यांचा निकाल दंडाधिकाऱ्याने त्वरित लावावा, अशी त्यात तरतूद होती. मजुरीची तक्रार ऐकून घेणारी जागा त्यामुळे मिळाली. मात्र करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही त्याच कायद्यात होती. मजुरी अडवून ठेवणारा पोटकंत्राटदार आणि मजुरीअभावी निघून जाणारा मजूर यांना एका मापाने मोजणाऱ्या त्या काळाची कल्पना यावरून येते.

जागेवर काय करता येते

अनुभवी अभियंते आणि जाणते गुत्तेदार काही साध्या पद्धती पाळतात. त्यांपैकी पहिली ताबापावतीची. रस्त्याचा गुत्तेदार खोदकामासाठी गल्ली दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, तेव्हा त्या दिवशी तिची स्थिती काय होती हे दोघांनी अभियंत्यासमक्ष एका कागदावर लिहावयाचे. किती लांबी, कोठे भेग आहे, कोठे नाली तुटलेली आहे, हे सर्व त्यात यावे. काम झाल्यावर उलट ताबा देताना पुन्हा तसाच कागद करावयाचा. मोबाइलमधील छायाचित्र सोबत असेल तर उत्तम, परंतु छायाचित्र सहीची जागा घेऊ शकत नाही. नुकसान कोणाच्या ताब्यात असताना झाले, हे ठरले की निम्मे भांडण संपते.

खोदलेला चर बुजविणे ही त्याहून नाजूक गोष्ट आहे. या भागातील जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. जलवाहिनीचा चर तीच काळी माती ढकलून बुजविला तर पहिल्या पावसानंतर तो खचतो आणि त्यावर केलेले काँक्रीट आधार सुटून मोडते. मग रस्त्याचा गुत्तेदार म्हणतो, चर नीट भरला नव्हता. जलवाहिनीचा गुत्तेदार म्हणतो, काँक्रीट पातळ होते. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, धुम्मस करून चर भरला गेला की नाही, हे पाहण्याची वेळ तो उघडा असतानाच असते. वरून काँक्रीट पडल्यावर दोघांचेही म्हणणे खरे-खोटे करण्याचा मार्ग उरत नाही.

कालव्याच्या कामात वेळेचा प्रश्न अधिक कठीण होतो. कळमनुरी तालुक्यातील शेतीला इसापूर धरणाच्या कालव्याचा मोठा आधार आहे. कालव्यावर पूल किंवा मोरी बांधणारा गुत्तेदार आणि त्याच कालव्याचे अस्तरीकरण करणारा गुत्तेदार या दोघांनाही कालवा कोरडा लागतो, आणि कालवा कोरडा असतो तो दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांतच. एकाची यंत्रे पात्रात उतरली की दुसऱ्याला वाट राहत नाही. ऊस आणि केळीला पाण्याची निकड असताना आवर्तन पुढे ढकला, असे शेतकऱ्याला सांगता येत नाही. येथे दिवसांची वाटणी आवर्तनाचे वेळापत्रक निघताच करावी लागते. पात्रात उतरल्यावर वाटणी होत नाही, चढाओढ होते.

इमारतीच्या कामाचा अनुभवही असाच आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात स्थापत्य आणि विद्युत हे विभाग वेगळे असल्याने एकाच शाळेचे किंवा दवाखान्याचे बांधकाम एका गुत्तेदाराकडे आणि वीजजोडणी दुसऱ्याकडे जाते. स्लॅबमध्ये गाडावयाच्या विजेच्या नळ्या लोखंड बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी बसवाव्या लागतात. हा अवधी फार तर एक-दोन दिवसांचा. सेंट्रिंग भाड्याचे असते, काँक्रीटची माणसे ठरलेली असतात, आणि वीजवाला नांदेडहून येत असतो. तो आला नाही म्हणून स्लॅब ओतला जातो, आणि नंतर तोच स्लॅब छिन्नीने फोडून नळ्या घातल्या जातात. अशा छतातून पुढे दहा वर्षे पाणी गळते. स्लॅबची तारीख चार दिवस आधी लेखी कळविली असती तर जे टळले असते, त्याचा त्रास शाळेतील मुलांना सोसावा लागतो.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सर्व गुत्तेदारांनी अभियंत्यासमवेत कामाच्या जागेवर अर्धा तास उभे राहावे. कार्यालयातील बैठक आणि जागेवरील बैठक यांत फरक असतो. जागेवर हात करून दाखविता येते. पुढील सात दिवसांत कोण कोठे खोदणार, कोणाचे टिप्पर कोणत्या वाटेने जाणार, पाण्याचा टँकर कोणाचा आणि त्याचा खर्च कसा वाटावयाचा, एवढेच ठरवावे आणि त्याच ठिकाणी सह्या घ्याव्यात. ज्याचे म्हणणे मान्य झाले नाही त्याने तसे लिहून सही करावी. मतभेदाची नोंद म्हणजे तक्रार नव्हे. प्रकरण पुढे अधीक्षक अभियंत्यापर्यंत गेले तर हाच कागद उपयोगी पडतो.

सर्वात खालचा माणूस

गुत्तेदारांच्या भांडणाचा हिशेब रुपयांत करण्याची सवय आहे. तो केवळ रुपयांत होत नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर उचलणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जण मृत्युमुखी पडले. त्या कामावर मुख्य कंत्राटदार होता आणि त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदारही होता. अशा प्रत्येक ठिकाणी विचारावयाचा प्रश्न एकच असतो : या क्षणी या जागेवर कोणाचा हुकूम चालतो? वर एकाची क्रेन फिरत असताना खाली दुसऱ्याचे सेंट्रिंगवाले काम करीत असतील, तर क्रेन थांबविण्याचा अधिकार कोणाला, हे त्या दोन्ही टोळ्यांतील प्रत्येक मजुराला ठाऊक असले पाहिजे. खोल चराच्या काठावर दुसऱ्याचा टिप्पर उभा राहिला तर चर ढासळतो. चरातील माणूस एका गुत्तेदाराचा आणि टिप्परचालक दुसऱ्याचा. त्यांची ओळखही नसते.

मजुरीचेही तसेच. दोन गुत्तेदारांच्या भांडणात काम बंद पडले की हजेरी बंद पडते. यवतमाळहून, तेलंगणातून किंवा बिहारमधून आलेले बिऱ्हाड साइटवरच्या झोपडीत बसून राहते. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने प्रस्थापित केले आणि त्यानंतरच्या कामगार संहितांतही ते कायम ठेवण्यात आले. मात्र या तत्त्वाचा आधार घ्यावयाचा तर मजुराचे नाव हजेरीपटावर असले पाहिजे, आणि तो कोणाच्या हजेरीपटावर आहे हे स्पष्ट असले पाहिजे. एकाच जागेवर दोन गुत्तेदार परस्परांचे मजूर उसने घेतात तेव्हा हीच नोंद सुटते. अपघात झाला की दोघेही म्हणतात, तो आमचा नव्हे. मजूर उसना द्यावयाचा असेल तर त्या दिवशीची हजेरी कोणाकडे लागली, हे मुकादमाने संध्याकाळीच लिहून ठेवावे.

ग्रामपंचायतीलाही या कामी स्वतःचे स्थान आहे. गावातील रस्ता खोदण्यापूर्वी ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र मागितले जाते आणि ते बहुधा त्याच दिवशी, न वाचता, दिले जाते. ते देण्यापूर्वी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी त्या गल्लीत पुढील वर्षभरात आणखी कोणते काम मंजूर आहे, हे पंचायत समितीकडून विचारून घ्यावे. रस्ता मंजूर असेल तर जलवाहिनी आधी टाकून घ्यावी आणि घराघरांच्या जोडण्यांसाठी आडवे पाइप त्याच वेळी काढून ठेवावेत. चर बुजविण्याआधी वाहिनीत दाबाने पाणी सोडून चाचणी होते, त्या चाचणीला रस्त्याच्या गुत्तेदाराला बोलावून घ्यावे. सांधा गळत असेल तर तो त्याच्याही डोळ्यांदेखत गळावा आणि त्याच्यासमक्ष दुरुस्त व्हावा. त्यानंतर चर भरावा, त्यावर निदान एक पावसाळा जाऊ द्यावा, माती बसली की नाही ते पाहावे आणि मग काँक्रीटची तारीख ठरवावी.